मॅथ्यू स्टोरची निळी गान्सी

सोमवार

"ही आमच्या मॅथ्यूची नव्हे," हेस्टर स्टोर म्हणाली आणि मांडीवरची गान्सी तिने एनिडच्या हातात दिली, चुकून आलेलं दुसऱ्याचं पत्र द्यावं तशी.

एनिड ऑक्सली वाटीभर दूध मागायला शेजारी आली होती. बावीस वर्षं ती आणि तिचा नवरा विल्फ सप्टेंबरचा शेवटचा आठवडा हॅदरविकला हेस्टरच्या धाकट्या घरात काढत आले होते. शनिवारी दुपारी यायचं, पुढच्या शनिवारी सकाळी दहाच्या आत चादरी काढून, चुलीतली राख उपसून किल्ली हेस्टरच्या हातात ठेवायची. दोन्ही घरं एका भिंतीची, खाली समुद्र. हे चौऱ्याहत्तर सालचं. तेव्हा हेस्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

गान्सी म्हणजे तिथल्या कोळ्यांचा गडद निळा स्वेटर. इतका घट्ट विणलेला की वारा बाहेरच थांबतो. हेस्टरचा भाऊ मॅथ्यू एकतीस सालच्या फेब्रुवारीत होडी घेऊन गेला तो परत आला नाही. ही गान्सी त्या दिवशी चुलीपाशी वाळत होती, म्हणून राहिली. दरवर्षी सप्टेंबरात दर्याच्या सुगीचा रविवार येई. चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, जाळी, खेकड्यांचे पिंजरे मांडले जात, आणि मॅथ्यूची गान्सी वर खुंटीला टांगली जाई. गेल्या वर्षी घरात कसर लागली म्हणून हेस्टरने ती चॅपेलच्या पेटीतच ठेवायला दिली होती. काल सुगीचा रविवार झाला. आज सकाळी चॅपेलचे धर्मगुरू रेव्हरंड पेल ती घरी आणून देऊन गेले.

"हिच्यावर एम. एस. विणलंय, हेस्टर," एनिड म्हणाली.

"असेल. तरी ती त्याची नव्हे."

"मावशी, झालं का परत सुरू?" दारातून कीथ आत आला. हेस्टरच्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा, वरच्या रस्त्यावर त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान. हातात मावशीसाठी कोळशाची बादली. "रेव्हरंडनी ती स्वच्छ करून आणली, म्हणून हाताला वेगळी लागते. दहादा सांगितलं."

त्याने एनिडला अंगणात नेलं. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता.

"मिसेस ऑक्सली, ऑगस्टमध्ये तिने किटली चुलीवर ठेवली आणि विसरली. बूड जळून गेलं. मागच्या आठवड्यात भलत्याच घरात शिरून कोट काढून बसली. आणि आता सख्ख्या भावाचा स्वेटर ओळखत नाही. शुक्रवारी डॉक्टर येतायत. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. त्यांनी सही केली की तिला हलवायची, दोन्ही घरं विकायची. मला काही हौस नाही त्याची."

"तिला ठाऊक आहे?"

"आहे. गावात बोलू नका म्हणालीय."

तो गेला. एनिड दूध घ्यायला परत आत आली, तेव्हा हेस्टर तशीच बसली होती.

"कान शाबूत आहेत माझे," ती म्हणाली. "किटलीचं खरं आहे. कोटाचंही. पण हे मी चुकत नाहीये. तू चाळीस वर्षं कापड हाताळलंस, एनिड. मला वेड लागलंय का, ते तूच बघून सांग. शुक्रवारच्या आत."

मंगळवार

एनिडची चाळीस वर्षं हडर्सफील्डच्या गिरणीत गेली होती. मागावरून कापड उतरलं की तिच्या टेबलावर येई. तुटलेला धागा, राहिलेली गाठ, चुकलेलं घर शोधायचं आणि सुईने असं दुरुस्त करायचं की घेणाऱ्याला कळू नये. तिथल्या जुन्या बाया सांगत, डोळे मीट, बोटांना बघू दे. त्या बाया आता कोणी उरल्या नव्हत्या.

तिने खिडकीपाशी टेबल ओढलं आणि गान्सी पसरली. विल्फ पलीकडे चित्राचे तुकडे जुळवत होता. घरातल्या त्या खोक्यात दरवर्षी एकेक तुकडा कमीच होत असे.

"यंदा गाढवाला डोकं नाही," तो म्हणाला. "काय म्हणते तुझी गान्सी?"

"गप बस जरा."

"बसलोच आहे. बावीस वर्षं बसतोय."

छातीवर दोरखंडाची नक्षी, मधे शिडी, मग पुन्हा दोरखंड. हेस्टरने सांगितलं होतं तशीच. खालच्या काठाशी एम. एस. उजव्या कोपरावर रफू, तेही तिने सांगितलं होतं. रंग विटलेला, खांद्यावर जास्त. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

एनिड पलीकडे जाऊन हेस्टरला एकेक विचारून आली.

"रफू माझ्या हातची," हेस्टर म्हणाली. "पिंजऱ्याच्या खिळ्याला अडकून कोपर फाटलं होतं, अंगठा जाईल एवढं. बाकी सगळं आईचं. मनगटं तर ती दर वसंतात उसवून नव्याने विणायची. खाऱ्या पाण्यात मनगटं आधी जातात. स्वयंपाकघरात बसून ती उसवायची आणि मी गुंडा करायची. मॅथ्यू म्हणायचा, आई, माझ्या हातांना दरसाल नवी पालवी फुटते."

ती हसली, मग हसू गेलं. "त्याच्यामागे घरात त्याचं हसणं उरलं होतं ना, एनिड, ते त्या गान्सीत होतं. हिच्यात नाही. असं डॉक्टरांना सांगितलं तर ते लगेच सही करतील."

एनिड परत टेबलाशी आली आणि तिने डोळे मिटले. छाती, पाठ, काठ. मग उजवं कोपर. रफूवरून बोट फिरवलं, मग बाही उलटी करून आतून. पुन्हा एकदा. सुईच्या टोकाने तिने रफूचे चार धागे अलगद उचलले आणि खाली बघितलं.

"विल्फ, इकडे ये."

"सापडलं गाढवाचं डोकं?"

"या रफूच्या खाली भोक नाही. धड विणीवर कोणीतरी रफू केलीय."

बुधवार

कीथला हे सांगून उपयोग झाला नाही. त्याने मोटारीखालून डोकं काढून ऐकून घेतलं.

"आजीने बळकटीला जादा टाके घातले असतील. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोपराला भोक होतं की नव्हतं, हे कोणाला सिद्ध करणार तुम्ही? मावशीच्या आठवणीवरून? तीच तर शुक्रवारी तपासायचीय."

त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती.

चॅपेलच्या पेटीला दोन किल्ल्या. एक रेव्हरंड पेल यांच्याकडे, दुसरी झाडलोट करणाऱ्या आयव्ही कोलकडे. आयव्ही हेस्टरची शाळेपासूनची मैत्रीण. एनिड गेली तेव्हा ती दारात खुर्ची टाकून विणत बसली होती. पट्ट्यात खोचलेली लाकडी म्यान, तिच्यात एका सुईचं टोक, दोन्ही बाजूंना टोकं असलेल्या पाच सुया, आणि नजर समुद्रावर. हॅदरविकच्या बाया अशाच विणायच्या, बिनशिवणीचं, गोल, बोलता बोलता.

"मी हात लावला नाही त्या गान्सीला," विचारायच्या आधीच आयव्ही म्हणाली. "गेल्या सप्टेंबरात पेटीत गेली. या रविवारी रेव्हरंडनी काढली, त्यांनीच टांगली. माझा हात एवढ्या वर पोचत नाही. सत्तर वर्षांची मैत्री, आणि हेस्टर म्हणते मी बदलली?"

"ती तुझं नाव घेत नाही, आयव्ही."

"किल्ल्या दोन आहेत. माझं नाही तर काय रेव्हरंडचं घेते?" तिने सुया फिरवल्या. "विणणारीच शोधायची तर कीथच्या बायकोला विचार. पूर्ण उन्हाळा निळी लोकर नेत होती. आणि हेस्टरमागे तिची घरं कोणाला मिळणार, तेही विचार."

तिने खुर्ची उचलली आणि दार लावून घेतलं.

दुपारी रेव्हरंड पेल चहाला आले. सुट्टीवर आलेल्यांच्या घरी एकदा जायचं, हा त्यांचा नेम होता. दोन वर्षांपूर्वी मध्य इंग्लंडमधून बदलून आलेला साठीकडे झुकलेला विधुर, तोंडात पाइप, खिसे काड्यापेट्यांनी फुगलेले.

"चहा पातळ झालाय," एनिड म्हणाली.

"युद्धात कैद्यांच्या छावणीत तीन हिवाळे काढलेत मी, मिसेस ऑक्सली. तिथल्या चहाला पातळ म्हणतात."

"गान्सीबद्दल विचारायचं होतं."

"रविवारी खुंटीवर होती तीच मी मिस स्टोरना परत दिली," ते म्हणाले आणि पाइप पेटवू लागले. "त्यांना ती वेगळी वाटते, असं कानावर आलं. फार वाईट वाटलं. पण वयच तसं आहे."

एनिड विल्फसाठी मोजा विणत होती. बशी पुढे करताना सुई हातातून सुटली, एक टाका निसटला आणि शिडीसारखा चार ओळी खाली धावला. मोजा रेव्हरंडांच्या बाजूला कलंडला होता. "थांबा, हलवू नका," ते म्हणाले. त्यांनी खिशातून काडी काढली, टोकाने टाका एकेक पायरी वर चढवत आणला, सुईवर बसवला आणि विल्फला विचारलं, "यंदा खेकडे कसे आहेत?"

"महाग," विल्फ म्हणाला.

एनिडचं लक्ष आयव्हीच्या बोलण्यात अडकलं होतं. कीथच्या बायकोने पूर्ण उन्हाळा निळी लोकर नेली होती.

गुरुवार

कीथची बायको शीला आतल्या मुलुखातली, शेतकऱ्याची मुलगी. दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिच्या स्वयंपाकघरात दही-बेदाण्यांचा टार्ट भट्टीतून नुकताच निघाला होता.

"तुम्ही का आलात ते ठाऊक आहे," ती म्हणाली. "घेतली मी निळी लोकर. लपवायचं काय त्यात? लोकरीच्या दुकानात सुट्टीवाल्यांसाठी छापील नमुना मिळतो, त्यावरून कीथला गान्सी विणायला घेतली. बघा."

तिने कपाटातून काढून दाखवली. एनिडने ती उजेडाला धरली. पलीकडची खिडकी दिसली, खिडकीतला नळ दिसला.

"कीथ म्हणतो, यातून वाटाणे गाळता येतील," शीला म्हणाली. "माझा हातच सैल. आई म्हणायची, हिला लोकर देऊ नका, मासेमारीचं जाळंच विणेल. मिसेस ऑक्सली, मावशी इथून जावी असं मलाही वाटत नाही. पण किटली जळाली त्या दिवशी मी वरून धूर पाहिला. तेव्हापासून मला झोप नाही."

तिने टार्टचा मोठा तुकडा कागदात बांधून दिला. तो घेऊन उतरताना एनिडला पटलं होतं की ही नव्हे. दगडासारखी घट्ट वीण सैल हाताला येत नाही. सुबक हाताला मुद्दाम वाईट विणता येईल, पण उलट जमत नाही.

मग राहिलं कोण? आयव्हीचा हात घट्ट होता आणि किल्ली होती. पण आयव्ही फसवायला निघाली असती तर आधी भोक पाडून मगच त्यावर रफू केली असती. हेस्टरच्या घरातली प्रत्येक सुई तिच्या ओळखीची होती.

संध्याकाळी चहाच्या वेळी विल्फने मोजा घालून बघितला.

"हा माझ्यासाठी आहे की गाढवासाठी? बोटांपुढे एवढी जागा. भाडेकरू ठेवता येईल."

"दे इकडे." तिने मोज्याच्या टोकाशी दोरा मोकळा केला आणि ओढला. मोजे वरून खाली विणतात, टोकाशी बंद करतात. म्हणून टोकाकडून ओढलं की ओळीमागून ओळ सरसर उसवते. वरच्या कडेकडून ओढून तसं होत नाही. जिथे टाके घालून सुरुवात केली तिथून वीण धावत नाही, गाठ धरते. उसवणं नेहमी शेवटाकडून.

दोन ओळी उसवून तिचा हात थांबला.

हेस्टरची आई दर वसंतात मनगटं उसवत होती. मनगट उसवायचं तर बाहीचा शेवट मनगटाशी हवा. म्हणजे त्या घरच्या बाह्या खांद्यावर टाके उचलून खाली विणलेल्या. इथल्या सगळ्याच बाया तशा विणायच्या, आयव्हीच्या सुयांवरही काल बाही वरूनच खाली उतरत होती. आणि टेबलावरच्या गान्सीची? निळ्या काळोख्या विणीत टाक्यांची दिशा डोळ्यांना दिसेना. तिने मनगटाच्या कडेवरून नख फिरवलं. मग उठून तिने शिवणाचा डबा काढला.

"उद्या डॉक्टरांसमोर मला ही कापावी लागेल," ती म्हणाली.

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर हेस्टर जाईल."

शुक्रवार

हेस्टरच्या पुढच्या खोलीत डॉक्टर फेनिक बसले होते. कीथ भिंतीला टेकून उभा. शीलाने चहा आणला होता, तो कोणी घेतला नव्हता. गान्सी रविवारचीच आहे हे सांगायला कीथने रेव्हरंडना बोलावलं होतं, ते दाराजवळच्या खुर्चीत होते. एनिडच्या सांगण्यावरून आयव्हीही आली होती, हेस्टरकडे न बघता.

"मिस स्टोर," डॉक्टर म्हणाले, "हा तुमच्या भावाचा स्वेटर आहे असं सगळे म्हणतात. तुम्ही नाही म्हणता. का?"

"एनिड सांगेल."

एनिडने गान्सी टेबलावर ठेवली. "आयव्ही, हॅदरविकमध्ये बाही कुठून सुरू करतात?"

"खांद्यापासून. अजून कुठून करणार?"

"मनगट झिजलं की?"

"कडेचा दोरा कापायचा आणि ओढायचा. लोकरीचा गुंडा करायचा, नवं विणायचं. पाच वर्षांची असल्यापासून करतेय."

"डॉक्टर, ही मॅथ्यूची असेल तर मनगटाचा दोरा ओढल्यावर बाही उसवत वर जाईल. त्याच्या आईने ती दर वर्षी तशीच उसवली. तसं झालं तर कीथचं म्हणणं खरं." तिने हेस्टरकडे बघितलं. "कापू?"

"काप."

कात्रीचा बारीक आवाज झाला. एनिडने दोरा नखात धरून ओढला. एक टाका सुटला, दुसऱ्याशी गाठ बसली. तिने पुन्हा ओढला. दोरा ताठ झाला आणि तिथेच राहिला. तिने गान्सी आयव्हीपुढे केली. आयव्हीने दुसऱ्या मनगटाशी तेच करून पाहिलं, मग बाही वर वर चाचपत खांद्यापर्यंत गेली.

"ही मनगटापासून वर विणलीय," ती म्हणाली. "वर नेऊन खांद्याला जोडलीय. हेस्टरच्या आईने असं विणलं असतं तर तिला चॅपेलमध्ये बसू दिलं नसतं."

कीथ भिंतीपासून सुटून पुढे आला. "म्हणजे खरंच बदललीय?"

"बदललीय," एनिड म्हणाली. "बदलणाऱ्याकडे पेटीची किल्ली होती, म्हणजे दोघांपैकी एक. आयव्हीला अशी बाही विणायची म्हटलं तरी हात वळणार नाही. मग ज्याच्याकडे दुसरी किल्ली, तो. ज्याने हिला स्वच्छ केल्याचं सांगितलं, तो. बाहेरगावचा, घट्ट हाताचा. काल संध्याकाळपर्यंत मलाही सुचलं नाही. गिरणीत माझ्या डोळ्यांपुढे पुरुषच कापड विणत होते, पण दोन सुयांवर पुरुष विणत असेल हे मनातच येत नाही. बुधवारी माझा टाका चार ओळी निसटला. तुम्ही तो काडीने उचलला, रेव्हरंड, आणि उचलताना खेकड्यांचं विचारलंत. विणणाऱ्यालाच तेवढं सहज जमतं. कुठे शिकलात, छावणीत?"

रेव्हरंड पेल यांनी पाइप खिशात ठेवला. तो पेटलेला नव्हता.

"छावणीत," ते म्हणाले. "जुने स्वेटर उसवून मोजे करायचो." मग ते हेस्टरकडे वळले. "फेब्रुवारीत पेटी उघडली तर कसर लागलेली. उकळत्या पाण्यात किडे मरतात एवढंच मला माहीत. चॅपेलच्या चहाच्या मोठ्या पिंपात पाणी उकळत होतं, त्यात मी ती टाकली. अर्ध्या तासाने काढली तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला बसली असती."

आयव्हीने तोंडावर हात ठेवला. "चहाच्या पिंपात?"

"तुमच्याकडे भावाचं तेवढंच होतं. सांगायला तीनदा या दारापर्यंत आलो, मिस स्टोर. मग लोकर आणली. सहा महिने विणली, समुद्राच्या पाण्यात भिजवली, छपरावर वाळवली. वाटलं, तुम्हाला दुःख व्हायला नको. त्यापायी तुम्हाला घराबाहेर काढतील, हे मला आत्ता, या खुर्चीत कळलं. आणि तेही मिसेस ऑक्सली बोलेपर्यंत मी गप्प बसलो. ते सर्वात वाईट."

"हो," हेस्टर म्हणाली. "ते सर्वात वाईट."

मग डॉक्टरांनी समोरचा कागद घडी करून पिशवीत ठेवला, कोराच.

"या गावात डोळे असलेल्या इतक्या लोकांनी हा स्वेटर पाहिला," ते म्हणाले, "आणि तो ओळखला फक्त मिस स्टोरनी. माझी सही करण्यासारखं इथे काही नाही. त्या मोतीबिंदूचं मात्र बघायला हवं, कीथ. भलत्या घरात त्या मनामुळे नाही, डोळ्यांमुळे शिरल्या असतील."

"किटली मी विसरले होते," हेस्टर म्हणाली. "ते कोणावर ढकलणार नाही. कीथ, शिट्टी वाजवणारी आण. आणि तोंड पाडू नकोस. घाबरला होतास, कळतं मला."

कीथने मान हलवली. शीला रडत होती आणि कप भरत होती. आयव्हीने खुर्ची ओढून हेस्टरच्या शेजारी लावली, सत्तर वर्षांत शंभरदा लावली असेल तशी, आणि बसली.

"ती लहान झालेली गान्सी आहे का अजून?" हेस्टरने विचारलं.

"माझ्या कपाटात आहे. आत्ता आणतो."

"आणा. माझ्याजवळ राहू दे." तिने टेबलावरची गान्सी ओढून घेतली, छातीवरच्या दोरखंडावरून अंगठा फिरवला. "वीण चांगली आहे. लोकर फुकट घालवायची नाही. दोन्ही बाह्या खांद्याशी सोडवून उसवा, रेव्हरंड, आणि तिथून खाली विणत या. कसं ते मी सांगेन. सोमवारी सकाळी दहाला या, पाच सुया घेऊन."

"इथे?" रेव्हरंडनी विचारलं.

"मग कुठे?" हेस्टर म्हणाली. "मी काही कुठे जात नाही."